समुद्रापल्याडची वेस

वारंगा फाट्यावर नांदेडकडून आलेला रस्ता फुटतो. एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडं जातो, दुसरा आखाडा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीकडं. फाट्यावर जाणारा माणूस थांबतो, खिचडी खातो, चहा पितो आणि निघतो. हरियाणाचा ट्रक, तमिळनाडूचा ट्रक, तेलंगणाचा ट्रक. ड्रायव्हर खाली उतरला की आधी कान देतो, आपली बोली कुठं ऐकू येतीय का. आली की त्याचं तोंड उजळतं. दोन अनोळखी माणसं भाऊ भेटल्यासारखी बोलायला लागतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला ते आवडलंय.

मी जिनिंगमधला कामगार. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की माझी पाळी सुरू. रोलरवर कापूस घालायचा, रुई एकीकडं, सरकी एकीकडं. नाकातोंडात रुई घेऊन रात्री फाट्यावर येतो, खिचडी खातो आणि जमलं तर चार ओळी लिहितो. कॉलेज मी बाहेरून पाहिलं. वाचलं ते उसनं आणून वाचलं. तेव्हा हा लेख विद्वानाचा नाही. एक गोष्ट डोक्यात ठसठसतीय, ती तुमच्यापुढं ठेवतो.

माझा मावसभाऊ दुबईला आहे. आयटीआय करून वायरमन झाला, एजंटला पैसे भरून गेला. पहिला करार संपला तेव्हा दुसरं काम शोधत होता. कुणीतरी सांगितलं, आपल्या मराठवाड्यातला एक माणूस तिथं कंत्राटं घेतो, जाऊन भेट. दादा गेला.

"कुठले तुम्ही?"

"वारंगा फाटा."

"अरे बाप्पा! आपलेच की! खिचडी मिळती का अजून तशी?"

खुर्ची दिली, चहा मागवला. नांदेडचा उन्हाळा निघाला, पाऊसपाणी निघालं. दादा फोनवर सांगत होता, दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, मी कुणाच्या तरी दारात आलो. मग त्या माणसानं विचारलं, "आडनाव काय म्हणलात?" दादानं सांगितलं. "अच्छा, अच्छा." मग तो मोबाईलमध्ये बघायला लागला. "बघू. कळवतो." दादाच्या हातातला चहा अजून अर्धा होता.

कळवलं नाही. आठ दिवसांनी त्या जागेवर त्या माणसाच्या सोयऱ्यातला पोरगा लागला. त्यानं जातीचा एक शब्द उच्चारला नाही. शिवी दिली नाही, कप वेगळा ठेवला नाही. कोर्टात उभं राहायचं म्हणलं तर हातात काही नाही. दादा म्हणाला, "विमानात बसताना एकेका किलोचं वजन करतात रे. हे कसं काय निसटतं?"

म्हणून प्रश्न असा. माणूस परमुलखात पोटापाण्याला, धंद्याला जातो, तेव्हा त्यानं स्वतःचं म्हणून सोबत काय न्यावं? आणि काय नेण्याचा त्याला हक्क नाही?

लगेच शिव्या घालून मोकळं होऊ नका, मित्रांनो. आधी त्या माणसाच्या बाजूनं बोलून बघू.

परका मुलूख म्हणजे कायदा परका, पोलीस परका, भाषा परकी. उधारी बुडाली तर दाद मागायला जागा नाही. तिथं धंदा करायचा तर भरवसा कुणाचा? ज्याच्या बापाचं नाव ठाऊक आहे, जो पळाला तर त्याचं गाव ठाऊक आहे, त्याचा. म्हणून जगभर व्यापारी माणूस आपल्या माणसाला धरून राहिला. तमिळ चेट्टियार बर्म्यात सावकारी करायला गेले ते असेच. अमेरिकेत रस्त्यारस्त्यावर मोटेल चालवणारे गुजराती पटेल एकमेकांच्या हातउसन्यावर उभे राहिले. लांब कशाला, आपल्याकडच्या मोंढ्यात बघा. राजस्थानातून आलेल्या घराण्यांच्या आडती आहेत. पिढ्या गेल्या, मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलतात, पण हिशोबाचा भरवसा अजून नात्यागोत्यात. निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले इथं शिपाईगिरीला आले, सावकारीही करू लागले, तेही आपल्या जमातीला धरूनच राहिले.

तेव्हा परदेशात आपला माणूस शोधणं हा गुन्हा नाही. ज्वारीची भाकरी आठवणं, गाणं म्हणणं, मंडळ काढून मराठी नाटक बसवणं, ही शिदोरी आहे. ती माणसानं न्यावी. न नेली तर तो कोरडा पडेल.

पण शिदोरीच्या फडक्यात आणखी एक वस्तू बांधली जाते. शिडी. माणसाच्या डोक्यावर माणूस उभा करायची शिडी.

दक्षिण आफ्रिकेचं बघा. १८६० पासून नाताळमध्ये उसाच्या मळ्यावर करारानं बांधलेले हिंदी मजूर नेले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, बरेचसे गुजराती मुसलमान. गोरा दोघांनाही 'कुली' म्हणायचा. गांधी १८९३ साली तिथं गेले, त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय की मुसलमान व्यापारी स्वतःला 'अरब' म्हणवून घेत, पारशी स्वतःला 'पर्शियन' म्हणवून घेत. का? तर त्या मजुरांत आपली गणती होऊ नये म्हणून. गोऱ्याचा जोडा दोघांच्याही पाठीवर पडत होता. पण ज्याच्या गाठीला पैसा होता त्याचं भांडण जोड्याशी नव्हतंच. मला खालच्या पायरीवर का मोजता, एवढंच त्याचं भांडण होतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. भगतसिंग थिंद हा पंजाबी माणूस. अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला. गदर चळवळीशी त्याचा संबंध होता, म्हणजे इंग्रजांच्या गुलामीची त्याला चीड होती. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व पाहिजे होतं आणि तिथला कायदा गोऱ्यांना ते देत होता. तेव्हा कोर्टात त्याच्या बाजूनं काय मांडलं गेलं? की हा उच्च जातीचा हिंदू आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, म्हणून गोराच आहे. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. आपली जात गोऱ्याच्या दारात दाखला म्हणून दाखवली आणि गोऱ्यानं तो दाखला परत केला. मला त्या माणसाची कीव येते. साम्राज्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस, पण कायदाच चूक आहे असं म्हणायच्या ऐवजी कायद्याच्या वरच्या खणात मला बसवा, अशी त्याची मागणी झाली. खाली ढकललेल्या माणसाला शिडी आपोआप कळत नाही, हे यातनं शिकायचं. आपण सोसलं म्हणून आपण शुद्ध झालो, असा हिशोब नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढं ते स्वतःवर लावायचंय.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ ला त्यांनी तिथं जातीसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्याच वयाचे. त्या निबंधात त्यांनी केतकरांचा दाखला दिलाय. हेच ते पुढं ज्ञानकोश करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. हिंदू माणूस पृथ्वीवर जिथं जिथं जाईल तिथं जातीचा प्रश्न जाईल आणि तो साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा त्या म्हणण्याचा आशय. याला शंभर वर्षं होऊन गेली. दादाच्या हातातला अर्धा चहा तेव्हाच दिसला होता.

आणि स्वतः बाबासाहेबांचं काय झालं? परदेशात पाच वर्षं राहून अस्पृश्यतेची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनीच लिहिलंय. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून वर आले. कोण आहेस सांग, आणि चालता हो. पारशी समाज शेकडो वर्षांपूर्वी इराणमधून आसऱ्याला आलेला. ज्यांना इथं कधीकाळी दार उघडलं गेलं, त्यांनी दार लावून घेतलं. ही शिडी त्यांनी इराणहून आणली नव्हती, इथंच उचलली होती. म्हणजे शिडी सोबत नेता येते, तशी गेल्या ठिकाणी उचलताही येते. पुढं बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकांना जात कळली आणि धंदा बसला. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा आकडा बरोबर होता, आडनाव चूक होतं.

काही जण म्हणतील, जात आपल्या रक्तातच आहे, जाईल कशी? हे खोटं आहे. याला पुरावा समुद्रानंच दिलाय.

१८३४ पासून मॉरिशसला मजूर गेले. बिहारचे गेले, मद्रासकडचे गेले, मुंबई बंदरातून आपल्या कोकणातले मराठी मजूरही गेले. जहाजाच्या पोटात सगळे एकत्र कोंबलेले. एकच पाणी, एकच भांडं, एकच रोगराई. मळ्यावर उतरल्यावर एकच चाळ आणि एकच चाबूक. तिथं विटाळ पाळायला जागाच उरली नाही. अशा जहाजांवरची माणसं जन्मभर एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत राहिली. एका जहाजातून आलो हेच त्यांचं नातं, हेच गोत. जात तिथं पुरती मेली असं मी म्हणत नाही, मॉरिशसच्या राजकारणात तिची कुजबुज राहिलीच. पण तिचा विटाळ ढिला पडला. भाषा मात्र राहिली. मॉरिशसमध्ये आजही मराठी माणसं स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. म्हणजे मराठीपण राहू शकतं आणि विटाळ सुटू शकतो. दोन्हींची गाठ वेगवेगळी आहे. सरकी काढली म्हणून रुई नासत नाही, हे जिनिंगवाल्याला शिकवावं लागत नाही.

मग आताच्या परदेशात गाठ पुन्हा घट्ट कशी झाली? १९६५ साली अमेरिकेनं कायदा बदलला. शिकलेल्या, कसबी माणसांना दार उघडलं. इथं शिकलेलं कोण होतं? ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पाटी-पुस्तक होतं ते. जहाजाच्या पोटात कुणी कोंबलं गेलं नाही, जो तो आपापल्या खुर्चीवर बसून गेला. तिथं एकमेकांच्या शिफारशीनं नोकऱ्या, एकमेकांच्या ओळखीनं धंदे, पोरीबाळींची लग्नं आडनाव बघून. गावाच्या वेशीला दगड तरी असतो, ही वेस दिसतच नाही.

२०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित इंजिनिअरला भारतीय सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावललं, त्याची जात सहकाऱ्यांत उघड केली, असा आरोप. कंपनीनं आरोप नाकारला. त्या दोन वरिष्ठांवरचा दावा २०२३ साली खात्यानंच मागं घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. त्या खटल्यात काय खरं काय खोटं याचा निवाडा मी फाट्यावर बसून करणार नाही. पण जातीचा शब्द अमेरिकेच्या कोर्टाच्या कागदावर चढला, हे घडलं. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं असा कायदा मंजूर केला, पण ७ ऑक्टोबरला राज्यपालांनी नाकारला, आहे त्या कायद्यात ते येतंच म्हणून. ब्रिटनमध्ये २०१३ साली संसदेनं सरकारला सांगितलं की समानतेच्या कायद्यात जात घाला. २०१८ साली सरकारनं ते सोडून दिलं.

या कायद्यांना विरोध करणारे म्हणतात, अशानं सगळा हिंदी समाज बदनाम होतो. गोरा आधीच आमच्याकडं वाकडं बघतो, आता म्हणेल हे सगळेच जातवाले. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. सावळ्या कातडीला तिथं काय सोसावं लागतं ते आपल्यालाच जास्त कळायला पाहिजे. पण चोरीचा कायदा केला म्हणून सगळं गाव चोर ठरत नाही. आणि बाहेरच्याकडून न्याय मागायचा, घरातल्याला द्यायचा नाही, हे त्या 'अरब' व्यापाऱ्याचंच भांडण झालं.

इथवर लिहिलं तेव्हा मला बरं वाटत होतं. दुबईतला तो माणूस, बडोद्यातल्या काठ्या, अमेरिकेतले खुर्चीवाले, सगळे आरोपी रांगेत उभे केले होते. मग माझ्याच हातातला पेन थांबला.

मागच्या हंगामात आमच्या जिनिंगमध्ये प्रेसवर एक जागा निघाली. प्रेस म्हणजे रुईची गाठ बांधायचं मशीन. एकेक गाठ १७० किलोच्या आसपास. रोलरपेक्षा तिथं धूळ कमी, रोजी जास्त. मुकादमानं मला विचारलं, "आपला कुणी आहे का?" मी माझ्या चुलतभावाचं नाव सांगितलं.

माझ्या बाजूच्या रोलरवर माझा दोस्त होता. मातंग समाजातला. हाताला कसब माझ्या चुलतभावापेक्षा दुप्पट. मशीनचा पट्टा कसा चढवायचा ते मला त्यानंच शिकवलं. अण्णाभाऊंची 'फकिरा' मला त्यानंच वाचायला दिली. अण्णाभाऊंनी ते पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलंय, हे पान मला बोट ठेवून त्यानंच दाखवलं. त्यानं त्या जागेसाठी मला दोनदा सांगून ठेवलं होतं. आणि मुकादमानं 'आपला' म्हणल्याबरोबर माझ्या तोंडातनं भावकी निघाली.

मीही शिवी दिली नाही, मीही जातीचा शब्द काढला नाही. माझ्यावरही कोर्टात काही सिद्ध होणार नाही.

स्वतःला वाचवायला मी पुष्कळ कारणं शोधली. आपण वेशीबाहेरचे. ज्याला सगळी दारं बंद, तो आपल्या माणसाला धरणारच. दार लावणारा आणि दाराबाहेर गोळा झालेला, दोघं सारखे कसे? हे कारण खोटं नाही. इंग्लंड-अमेरिकेत आपली माणसं एकत्र येतात, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती करतात, ती कुणाला बाहेर ठेवायला नव्हे, बाहेर ठेवलं गेलं म्हणून. पण माझ्या बाबतीत हे कारण लागू पडत नाही. माझा दोस्तही दाराबाहेरचाच होता. मी दाराबाहेर आणखी एक दार लावलं. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी ठेवलंय, म्हणून वरचा जोडा सोसतो.

आणि तो एकटाच नव्हे. हंगामात बिहारची पोरं येतात जिनिंगमध्ये. आम्ही त्यांना नावानं हाक मारत नाही, 'ए भैय्या' म्हणतो. ती कोपऱ्यात वेगळी चूल मांडतात. त्यांच्या मुलखापासून आमचा फाटा हजार किलोमीटरच्या पुढं. त्यांच्यासाठी आम्हीच दुबई आहोत. आम्ही त्यांना कोणता चहा दिला?

तेव्हा मला एक कसोटी सापडली आहे. कच्ची असेल, पण सांगतो. तुम्ही 'आपलं' म्हणून जे जवळ धरता ते बाहेरच्या माणसाला देऊन बघा. दिल्यावर ते उरतं का? मराठी बिहारी पोराला शिकवली तर मराठी कमी होत नाही, वाढते. फाट्याची खिचडी तमिळ ड्रायव्हरनं खाल्ली म्हणून ती फाट्याची राहत नाही असं नाही. धम्म भिक्खूंनी आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी सिंहलद्वीपाला नेला, चीनला नेला, तो आटला नाही. पण जात? कुणीही आत यावं म्हणलं की जात त्याच क्षणी संपते. तिच्यात आत काही नाहीच, नुसतं बाहेर ठेवणं आहे. जे दुसऱ्याला बाहेर ठेवल्याशिवाय उभंच राहत नाही, ते समुद्रापार न्यायचा हक्क कुणालाच नाही. फाट्यावरून जिनिंगपर्यंत न्यायचाही नाही.

कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. कुणी कुठला खांब दान दिला त्याचे. त्यात धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. यवन म्हणजे परदेशी. त्यांनी आपलं यवनपण लपवलं नाही, खांबावर कोरलं, आणि इथल्या लोकांच्या खांबांच्या रांगेत त्यांचा खांब उभा राहिला. छत एकच. परमुलखात आपली ओळख नेण्याची याहून चांगली रीत मला सापडली नाही.

तुमच्यातले काही जण उद्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशात जातील. काही माझ्या दादासारखे वायर ओढायला जातील. तिथं कुणी विचारलं, कुठले? छातीवर हात ठेवून गाव सांगा. आणि तुमच्यापुढं कुणी काम मागायला आला, तर आडनाव विचारायच्या आधी त्याचा चहा संपू द्या. संपल्यावरही विचारू नका.

माझ्या दोस्ताला मी हंगाम संपताना सगळं सांगितलं. फाट्यावरच बसलो होतो. तो बराच वेळ बोलला नाही. खिचडीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं. मुकादमानंच सांगितलं होतं. तू कवा सांगतो ते बघत होतो." मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफीचं राहू दे. तू लिहितो ना मासिकात? हे लिहिशील? का फक्त बामनाचंच लिहिशील?"

त्यानं माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. पण विचारलं तेवढं लिहिलंय.

जय भीम.